साहेब जागेवर नाहीत

११ जानेवारी

हिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आज एक जाड वही दिली. म्हणाल्या, "काकू दिवसभरात जे बोलतील ते ह्यात लिहायचं, सर. वेळ, शब्द, आणि तेव्हा काय चाललं होतं ते. जसं बोलतील तसंच लिहा हं, अक्षर इकडचं तिकडे नको." हे मला सांगतात! एकतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या मी.

येताना दुकानातून माझ्यासाठीही ही एक वही घेतली. त्या वहीत हिचे शब्द, ह्या वहीत माझे. हिच्या वहीचं पहिलं पान आज कोरंच राहिलं.

ही पडली त्याला चोवीस दिवस झाले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. दार उघडं राहिलं तर डोळ्यांनी दाखवते, माझा चष्मा कुठे आहे तेही दाखवते. तोंडातून मात्र नुसता श्वास येतो. बाई म्हणाल्या की पहिले सहा महिने खरे. त्यात जे परत येईल ते आपलं, पुढचा भरवसा कुणी देणार नाही. मी कॅलेंडरवर जूनच्या अठरा तारखेला पेन्सिलीने बारीक टिंब केलं. हिला दिसू नये म्हणून कॅलेंडर स्वयंपाकघरात नेलं.

भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही.

१५ जानेवारी

बोलली!

सकाळी औषध देताना माझ्या हातून पेला पडला. मी वाकून काचा गोळा करतोय आणि वरून आवाज आला, "डोण्ट वरी." स्वच्छ. खालीच बसलो मी फरशीवर.

मराठी नाही, इंग्रजी! बाईंना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, असं होतं. जे शब्द माणूस हजारो वेळा बोललेला असतो ते तोंडाला वळणच होऊन बसलेले असतात, ते आधी वर येतात. हिने एका मोठ्या कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर बत्तीस वर्षं काढली. डाव्या हातात रिसीव्हर, उजव्यात पेन्सिल. "आता त्या आखूड शब्दांचं बोट धरूनच बाकीचे येतील," बाई म्हणाल्या. "मराठीसुद्धा. जे येईल ते येऊ द्या, सर. टोकू नका."

आता गंमत बघा. आख्ख्या शाळेत माझं नाव 'डू-नॉट सर'. निबंधात 'डोन्ट' दिसलं की अर्धा गुण गेला. शब्द म्हणजे काय पायजमा आहे आखूड करायला, असं मी वर्गात म्हणायचो आणि मुलं दरवर्षी हसायची. शिवाय आमच्याकडचा तो उच्चार! घंटेतला ण उचलून डोण्ट, वोण्ट, काण्ट. बोर्डावरच्या सगळ्याजणी असंच बोलायच्या, आणि घरी येऊन ही तेच बोलली की मी दुरुस्त करायचो. चौतीस वर्षं केलं. ही म्हणायची, "अहो मास्तर, माझं ऐकून आजवर एकाही माणसाने फोन ठेवला नाही."

वहीत लिहिलं, 'सकाळी आठ दहा. डू नॉट वरी.' हात आपसूक सुधारून गेला. खोडणार होतो, पण पहिल्याच पानावर खाडाखोड नको वाटली.

२ फेब्रुवारी

शब्द वाढताहेत. आयम सॉरी. होल्ड ऑन. वोण्ट बी लाँग. आणि सर्वांत जास्त वेळा, ही इझण्ट इन. म्हणजे साहेब जागेवर नाहीत.

हे शेवटचं जरा विचित्र आहे. सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो, हिने मला बघितलं आणि म्हणाली, "ही इझण्ट इन." मी म्हटलं, कोण? पुन्हा तेच. मी पेपर बाजूला ठेवून समोर खुर्ची ओढून बसलो. "मी कोण आहे सांग बघू?" माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ही इझण्ट इन." आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसली. मेंदूतली कुठली तार कुठे जोडली गेली आहे कोण जाणे. बाईंच्या वहीत लिहिलं, 'ही इज नॉट इन. संदर्भ: काही नाही.'

९ फेब्रुवारी

आजपासून मीच रोज तासभर शिकवायचं ठरवलं. बाईंचे तास आठवड्यातून दोन, तेवढ्याने काय होणार? आणि आलंच आहे इंग्रजी तर ते नीट का येऊ नये? पाया कच्चा राहिला की इमारत वाकडी होते. माळ्यावरून लहान फळा काढला, पुसला, पलंगासमोर खुर्चीवर टेकवला.

"म्हण, डू. नॉट."

"डोण्ट."

"डोण्ट काय? पुढे काहीतरी हवं ना? वाक्य पुरं कर. डू..."

"डोण्ट."

डावा हात वर करून, तळवा माझ्याकडे करून म्हणत होती. वाहतूक पोलिसासारखा. मी मोजलं, सतरा वेळा तोच एक शब्द, पुढे काही नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पण हिम्मत सोडायची नाही. वहीत लिहिलं, 'डू नॉट, सतरा वेळा.'

१७ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती दूर असते, तिकडून उंटावरून शेळ्या हाकते. मी फळ्याचं सांगितलं तर म्हणाली, "बाबा, नोकरीच्या पहिल्या दिवशी मी 'आय डू नॉट नो' म्हटलं तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. भिंतीवरची सूचना वाचतेय असं वाटलं त्यांना. घरी आईसारखं बोलायला शिकले असते तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "चूक ते चूक."

"आई आता काय बोलते?"

"प्रगती आहे."

"फोन तिच्या कानाला लावा ना." लावला. ही रिसीव्हर डाव्या हातात धरून ऐकत राहिली, "डोण्ट वरी" म्हणाली, आणि लेक तिकडे रडली असावी. बोलणं संपलं तरी हिने ठेवला नाही. बोर्डाचा नियम, समोरच्याने ठेवल्याशिवाय बोर्डवालीने फोन ठेवायचा नाही. मी शाळेतून साधं 'उशीर होईल' सांगायला फोन केला, तरी माझा ठेवल्याचा आवाज येईपर्यंत ही थांबायची.

२६ फेब्रुवारी

हिच्याबरोबर बोर्डावर असलेली मैत्रीण आली होती. मी आत चहा टाकत होतो. बाहेर ती टेलिफोनचा आवाज काढून म्हणाली, "हॅलो, मोठे साहेब आहेत का?" आणि ही खणखणीत म्हणाली, "आयम सॉरी, ही इझण्ट इन." "कधी येणार?" "आय काण्ट से." "मग मी काय करू?" "डोण्ट वरी, कॉल लेटर!" सलग! एकामागून एक! दोघी हसत होत्या. हिचं हसणं मी दोन महिन्यांनी ऐकलं.

मी चहाचा कप हातात धरून दारात उभा राहिलो. आनंद झाला, हे खरंच. पण त्याबरोबर काहीतरी टोचलंही. माझ्याशी एवढं कधी बोलली नाही. मी म्हटलं, "काण्ट नाही, कॅनॉट. ह्या वेळी तिला असली सवय लागली तर कायमची लागेल." मैत्रीण हसत म्हणाली, "मास्तर, लागू द्या की!" हिचं हसू मात्र तिथेच थांबलं.

जाताना मैत्रिणीला जिन्यात म्हटलं, थोडे दिवस येऊ नका. शिकण्यात खंड पडतो. ती दोन पायऱ्या उतरली, वळून माझ्याकडे बघितलं आणि खाली निघून गेली.

६ मार्च

बाईंनी वही वाचली. पानं उलटत गेल्या आणि चेहरा खुलत गेला. "सर, ही तर पूर्ण वाक्यं आहेत! डू नॉट, कॅनॉट, विल नॉट... हे पाठ झालेलं बोलणं नाही, काकू एकेक शब्द स्वतः जुळवताहेत. माझ्यासमोर कशा नाही बोलत?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "परक्यांसमोर लाजते."

त्या म्हणाल्या, मग आखूड शब्दांचा सराव आता बंद करू, पुढची पायरी घेऊ. चित्र बघून त्यावर चार वाक्यं सांगायची. मी वही बगलेत मारून घरी आलो. खोटं असं काही लिहिलेलं नाही. अर्थ तोच आहे ना?

२१ मार्च

चित्रं चालली आहेत. एक बाई विहिरीवर, एक मुलगा झाडावर, एक कुत्रा. बाई म्हणतात, सांगा काकू, कोण काय करतंय? ही चित्राकडे बघते, बाईंकडे बघते, माझ्याकडे बघते. ओठ हलतात. आज चित्रावर टपकन पाणी पडलं. मी रुमालाने चित्र पुसलं. चित्र! हिचे डोळे बाईंनी पुसले.

९ एप्रिल

आठवड्यात फक्त तीन वेळा बोलली. वहीत पान भरेना, म्हणून फेब्रुवारीतलं एक वाक्य पुन्हा लिहिलं. हे लिहिताना कान तापले आहेत.

१९ एप्रिल

काहीच नाही.

२० एप्रिल

काही नाही. फळा पुसून माळ्यावर टाकला. हिने बघितलं, पण चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

२५ एप्रिल

आज सगळं बाहेर आलं.

बाईंनी हिला दुसऱ्या खोलीत बसवलं आणि वही माझ्यासमोर उघडी ठेवली. "सर, एक विचारते, रागावू नका. हे काकू बोलल्या, की तुम्ही लिहिलं?"

"बोलली तेच लिहिलं. फक्त... सुधारून."

"सुधारून म्हणजे?"

"डोण्ट म्हणाली तर डू नॉट लिहिलं. अर्थ तोच."

त्यांनी वही मिटली. माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत. "सर, डोण्ट हा त्यांचा शब्द होता. तेवढाच होता. मी त्याच्यावर पुढचं सगळं उभं करणार होते. ही वही बघून मी तो काढून घेतला आणि जे त्यांना येतच नाही ते रोज मागत बसले. सात आठवडे."

मी म्हटलं, आता पुन्हा तिथूनच सुरुवात करू. त्या म्हणाल्या, करू. पण कशा आवाजात म्हणाल्या! माणसाला आपण नापास आहोत हे गुणपत्रक हातात यायच्या आधीच कळतं. मी हजारो मुलांच्या तोंडावर ते बघितलं आहे. आज माझ्या तोंडावर बाईंनी बघितलं.

घरी आल्यावर हिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "डोण्ट वरी." माझ्या तोंडून तो ण निघेना. ही भिंतीकडे बघत राहिली.

४ मे

बाईंच्या सांगण्यावरून रोज सकाळी मीच आखूड शब्द म्हणतो. डोण्ट. वोण्ट. काण्ट. साठी उलटलेला मास्तर रिकाम्या वर्गात पाढे म्हणतोय. उत्तर येत नाही. आगीतून हिला मीच फुफाट्यात ढकललं. देवाने अर्धं नेलं होतं, उरलेलं मी नेलं, आणि तेही लाल शाईने.

१८ मे

न राहवून मैत्रिणीला फोन केला. लगेच आली. माझी माफीही तिने ऐकून घेतली नाही, चप्पल काढून सरळ आत गेली. "हॅलो, मोठे साहेब आहेत का?" हिने तिचा हात धरला. ओठ हलले. शब्द नाही. मैत्रिणीने चार वेळा विचारलं, मग स्वतःच रडायला लागली.

निघताना मी तिला विचारलं, हे 'ही इझण्ट इन' ही इतकं का म्हणायची? मी समोर असताना?

ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. "मास्तर, साहेब आत बसलेले असायचे, पण बोलायचं नसलं की आम्हाला खूण करायचे. मग आम्ही म्हणायचो, ही इझण्ट इन." मग म्हणाली, "दुपारी डबा खाताना आम्ही विचारायचो, काय गं, मास्तर कसे आहेत? ती म्हणायची, घरीच असतात, पण ही इझण्ट इन. आणि सगळ्या हसायचो. वर्षानुवर्षं चाललेला विनोद होता आमचा. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हतं.

१९ मे

फेब्रुवारीतली ती पानं पुन्हा वाचली. ही वही, माझी. 'संदर्भ: काही नाही.' आणि ते सतरा वेळा. हात वर करून, तळवा माझ्याकडे करून. मी मोजत बसलो होतो!

३० मे

बाई फार चांगल्या आहेत. म्हणाल्या, अजून दिवस आहेत. मी विचारलं, खरं सांगा. त्यांनी खरं सांगितलं. बैल गेला नि झोपा केला, असं मी म्हटलं, आणि त्या कसनुशा हसल्या. लेक येते म्हणाली. मी सगळं सांगितलं तिला. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१० जून

सकाळी मी पेपर घेतला नाही. हिच्यासमोर नुसता बसलो. तासभर. हिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी घरी आहे, आता साहेबच जागेवर आहेत, पण बोर्ड बंद.

१८ जून

पेन्सिलीचं टिंब आज आलं.

दुपारी चार वाजता मी स्वयंपाकघरात गेलो, दार लोटून घेतलं आणि मोबाइलवरून आमच्याच घरचा नंबर लावला. जुना टेलिफोन हिच्या पलंगाशी आहे, डाव्या हाताला. का लावला ते माझं मला नीट सांगता येणार नाही. दारातून पहिली घंटा ऐकू आली. दुसरी. तिसरी पुरी व्हायच्या आत हिने उचलला. बोर्डाचा तोही नियम आहे.

आवाज नाही. श्वास ऐकू येत होता. पलीकडच्या खोलीतला, आणि तोच माझ्या कानात.

मी म्हटलं, "हॅलो, मास्तर आहेत का?"

थांबलो. मनात म्हटलं, तो एक जुना विनोद येऊ दे, तेवढाच, देवा. माझ्या नावाने शिवीसारखा आला तरी चालेल. दोन मिनिटं झाली असतील. आलं नाही.

मग मी म्हटलं, "आयम सॉरी." हिच्यासारखं, बोर्डावरच्यासारखं, एका दमात. चौतीस वर्षांत हे दोन शब्द मी हिला पुरते किंवा आखूड, कसेच म्हटले नव्हते. पहिल्यांदाच तोंडाला आले आणि बरोबर आले. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. मग मराठीत म्हटलं, मी आहे गं, मी घरातच आहे.

श्वास चालू होता. उत्तर नव्हतं. पण तिने फोन ठेवला नाही. मी दाराच्या फटीतून बघितलं. रिसीव्हर डाव्या कानाशी, मान जरा कललेली, डोळे खिडकीबाहेर. बत्तीस वर्षं अशीच बसत असेल. ती मला ऐकत होती, की नुसता नियम पाळत होती? ह्यातलं काय, हे मला विचारता येणार नाही आणि तिला सांगता येणार नाही.

ती आधी ठेवणार नाही हे मला माहीत होतं. म्हणजे ठेवायचा मीच होता. चहाचं आधण उकळून आटलं, दुधावर साय धरली, मोबाइल कानाशी तापला. लेक जिना चढून आली, तिने मला तसं दारामागे उभं बघितलं आणि आईला तिकडे तसं बघितलं, आणि पिशवी हातात घेऊन मधल्या खोलीतच उभी राहिली.

माझ्याने ठेववला नाही. मोबाइल आपणहून बंद पडला.

बाईंच्या वहीत लिहिलं, 'दुपारी चार. शब्द नाही.' जसं होतं तसंच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.